कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमधील हृदय तपासणी

कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल ही इंग्लंडमध्ये विकसित झालेली लहान चणीची श्वानजात आहे. द्विदल झडपेचा आनुवंशिक विकार हे या जातीतील मृत्यूचे प्रमुख कारण आहे. त्यामुळे अनेक देशांत प्रजननापूर्वी नर व मादी या दोघांच्या हृदयाची तपासणी केली जाते.

विकाराचे स्वरूप

हृदयाची डावी कर्णिका आणि डावी जवनिका यांच्यामध्ये द्विदल झडप असते. या विकारात झडपेची दले हळूहळू जाड व विरूप होतात. झडप पूर्ण मिटत नसल्याने जवनिकेच्या आकुंचनाच्या वेळी काही रक्त कर्णिकेत परत जाते. या उलट्या प्रवाहाचा आवाज स्टेथोस्कोपने ऐकू येतो. त्यास मर्मर म्हणतात. कालांतराने हृदय विस्तारते, फुप्फुसांत पाणी साचते आणि श्वानास धाप लागते. इतर लहान जातींत हा विकार प्रामुख्याने उतारवयात आढळतो. कॅव्हेलियरमध्ये मात्र पाचव्या वर्षाच्या सुमारास जवळपास निम्म्या आणि दहाव्या वर्षापर्यंत बहुतेक सर्व श्वानांत मर्मर ऐकू येतो.

आनुवंशिक पार्श्वभूमी

जुन्या चित्रांत दिसणाऱ्या लांब मुस्कटाच्या स्पॅनियलचे पुनरुज्जीवन व्हावे म्हणून रॉसवेल एल्ड्रिज या अमेरिकन गृहस्थाने १९२६ पासून क्रफ्ट्स प्रदर्शनात २५ पौंडांचे बक्षीस ठेवले. ब्रिटनच्या केनेल क्लबने १९४५ मध्ये या जातीला स्वतंत्र मान्यता दिली. आजची जात मोजक्या पूर्वजांपासून वाढलेली असल्याने तिच्यातील जनुकीय वैविध्य मर्यादित आहे.

तपासणी व तिच्या मर्यादा

तपासणी स्टेथोस्कोप व इकोकार्डिओग्राफी यांच्या साहाय्याने होते. विकार अनेक जनुकांवर अवलंबून असल्याने एखाद्या जनुकाच्या चाचणीवरून निर्णय घेता येत नाही. शिवाय श्वान प्रजननक्षम होतो तेव्हा विकार बहुधा प्रकट झालेला नसतो. म्हणून लहान वयातील निर्दोष निष्कर्ष कायमची हमी ठरत नाही. १९९८ मध्ये मांडलेल्या शिफारशीनुसार प्रजननासाठी निवडलेला श्वान किमान अडीच वर्षांचा व मर्मरमुक्त असावा, तसेच त्याचे आईवडील पाचव्या वर्षी मर्मरमुक्त असावेत.

परिणाम व कायदेशीर बाजू

डेन्मार्कमध्ये अशी तपासणी सक्तीची करण्यात आली. तेथील २००२ ते २०११ या काळातील नोंदींच्या अभ्यासात, या योजनेनुसार जन्मलेल्या श्वानांत विकाराचा धोका ७३ टक्क्यांनी कमी आढळला. नॉर्वेमध्ये प्राणी संरक्षण संस्थेने दाखल केलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये या जातीचे प्रचलित पद्धतीचे प्रजनन प्राणी कल्याण कायद्याच्या विरोधात असल्याचा निर्णय दिला. अन्य जातींशी नियोजनपूर्वक संकर करून निरोगी पिढी घडवण्याचा मार्ग त्यानंतरही खुला राहिला.