वार्धक्याचे मानवशास्त्र (पेण व रोहा, जि. रायगड)

माणूस म्हातारा केव्हा ठरतो आणि उतारवयात औषधपाणी कोणाच्या वाट्याला येते, याचा अभ्यास करणारी मानवशास्त्राची शाखा. लॉरेन्स कोहेन यांचे वाराणसीतील वृद्धांवरचे ‘नो एजिंग इन इंडिया’ (1998) हे तिच्यातले गाजलेले पुस्तक. पेण-रोह्याच्या कातकरीवाड्यांवर मात्र अभ्यासकाची गाडी पहिल्याच प्रश्नाशी अडते: आजी, वय किती?

कातकरी ही कोलाम व माडिया गोंड यांच्याप्रमाणे राज्यातील विशेष असुरक्षित जमात. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का तिच्यावर बसला. खैरापासून कात काढण्याचा धंदा जंगल कायद्यांनी बुडवला. ए. एन. वेलिंग यांनी या जमातीवर 1934 साली स्वतंत्र पुस्तक लिहिले. डॅनियल बकल्स व राजीव खेडकर यांच्या ‘फायटिंग इव्हिक्शन’मध्ये (2013) पायाखालच्या जागेचाच प्रश्न आहे, कारण कित्येक वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर वसलेल्या. दिवाळीनंतर उचल घेऊन कुटुंबे वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात.

जन्माची नोंद नसली की वयाच्या प्रश्नाला उत्तर येते, ‘असंल साठ.’ अशा गोळाबेरजेमुळे शून्य आणि पाचवर संपणाऱ्या वयांची गर्दी होते. लोकसंख्याशास्त्रज्ञ ती व्हिपल निर्देशांकाने मोजतात. त्यावर तोडगा म्हणजे घटनांचे कॅलेंडर. 11 डिसेंबर 1967चा कोयनेचा भूकंप, जुलै 1989मध्ये नागोठण्यात शिरलेले अंबा नदीचे पाणी, 26 जुलै 2005चा पाऊस. ‘पुराच्या साली थोरला केवढा होता? शाळेत जायचा?’ असे विचारत मागे गेले की वय पाच-सात वर्षांच्या टप्प्यात येते. जनगणनेच्या घाईत एवढी सवड कोण काढणार!

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18मध्ये केलेल्या वार्धक्यावरच्या ‘लासी’ पाहणीत 45 वर्षांवरील लोक व त्यांचे जोडीदार मिळून 72 हजारांहून अधिक जण होते. देशाचे चित्र त्यातून कळते. एका वाडीचे कळण्यासाठी वाडीवरच बसावे लागते.

वयाचा हा घोळ केवळ विद्यापीठापुरता नाही. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन 65 वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते. कष्टाने पन्नाशीतच वाकलेल्या माणसाला ही अट अन्यायकारक आहे. कागदावर वय कमी पडले, तर सत्तरीतलाही बाहेर राहतो. जन्मनोंद नसल्यास शिधापत्रिका वा मतदारयादीतील वय, किंवा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला अर्जाला जोडता येतो.