बिनव्हाउचरची नोंद

इतिहास लिहायला मोठी विद्वत्ता लागते, असा एक समज आहे. माझा अनुभव निराळा आहे. मी कॉमर्सचा पदवीधर, आणि वीस-बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेला कारकून. इतिहासकार आयुष्यभर जो प्रश्न विचारतो तो मी रोज सकाळी साडेदहापासून विचारत असतो : "व्हाउचर कुठंय?" शिवाजीमहाराज अमुक तारखेला अमुक गडावर होते म्हटलं, की इतिहासकार कागद मागतो. गोखलेकाकूंनी तीन हजार भरले म्हटलं, की मीही कागद मागतो. फरक इतकाच, की महाराज येऊन भांडत नाहीत, गोखलेकाकू भांडतात.

म्हणूनच १२ डिसेंबर १९०१ ही तारीख मला स्वस्थ बसू देत नाही. त्या दिवशी बिनतारी संदेश पहिल्यांदा अटलांटिक महासागर ओलांडून गेला, असं आपण शाळेत पाठ केलं. दोन मार्कांचा प्रश्न होता. पण ही नोंद तपासायला बसलो आणि लक्षात आलं, की जगाच्या खातेवहीतल्या एवढ्या मोठ्या नोंदीला व्हाउचरच नाही!

आता बिनतारी म्हणजे काय, ते कारकुनी भाषेत सांगतो. १८८७-८८ मध्ये हर्ट्झ नावाच्या जर्मन प्राध्यापकाने विजेच्या अदृश्य लहरी हवेतून जातात हे सिद्ध केलं. लहरी पाठवणं फार कठीण नव्हतं, जोरदार ठिणगी पाडली की झालं. कठीण होतं ते पलीकडे त्या ओळखणं. बोलणारे सगळीकडे मिळतात, ऐकणारा मिळत नाही, हे तत्त्व घराइतकंच विज्ञानालाही लागू आहे.

हा ऐकणारा १८९० मध्ये पॅरिसच्या ब्रानलीने शोधला. काचेच्या नळीत धातूचा कीस भरलेला. एरवी हा कीस विजेला दाद देत नाही. पण लहर आली, की कण एकमेकांना बिलगतात, वाट मोकळी होते आणि बॅटरीचा प्रवाह पलीकडची घंटा वाजवतो. इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉजने या नळीचं नाव ठेवलं 'कोहिअरर', म्हणजे चिकटवणारा. यात खोड एकच. कण एकदा बिलगले की बिलगलेलेच राहायचे. पुढचा संदेश घ्यायचा तर नळीला बाहेरून टिचकी मारावी लागे. त्यासाठी एक छोटी हातोडी बसवलेली असे. संदेश, टिचकी. संदेश, टिचकी. आमच्या शाखेत पूर्वी एक शिपाई होते, त्यांची यंत्रणा हुबेहूब अशीच होती. एका फाइलनंतर दुसरी हवी असेल तर मधे टिचकी अनिवार्य.

कोहिअररचा दुसरा दोष याहून वाईट. त्याला माणूस ओळखू येत नसे. कॉर्नवॉलहून आलेला संदेश असो की ढगातली वीज असो, तो दोघांनाही सारखाच बिलगे. शेजारची कागदाची पट्टी इमानाने ठिपका उमटवी. ठिपका संदेशाचा की विजेचा, हे पट्टी सांगत नाही.

इथे आपल्या देशातला एक माणूस येतो. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले जगदीशचंद्र बोस. १८९५ च्या सुमारास टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतींपलीकडून लहरी पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. पण आम्हा पगारदार मंडळींना हा माणूस आवडतो तो वेगळ्याच कारणाने. कॉलेजात हिंदी प्राध्यापकाला गोऱ्यापेक्षा कमी पगार मिळे. बोसांनी तो पगार घ्यायलाच नकार दिला आणि तीन वर्षं बिनपगारी शिकवलं. शेवटी सरकार नमलं आणि पूर्ण पगार मागच्या थकबाकीसकट दिला. तीन वर्षांचे ॲरिअर्स! ही गोष्ट मी ज्यांना ज्यांना बँकेत सांगितली, त्यातल्या एकानेही बोसांनी शोध कसला लावला हे विचारलं नाही.

बोसांनी टिचकीवर उपाय शोधला. २७ एप्रिल १८९९ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांचा निबंध वाचला गेला. त्यात आपणहून पूर्ववत होणाऱ्या कोहिअररचं वर्णन होतं. लोखंड, पारा आणि कानाला लावायचा टेलिफोन. लहर आली, गेली, यंत्र पुन्हा तयार. हातोडी नको, टिचकी नको. आपण होऊन पुढची फाइल घेणारा शिपाई! मुख्य म्हणजे आता निर्णय पट्टीकडे राहिला नाही, कानाकडे आला. कागदाला फक्त ठिपका कळतो. कानाला ताल कळतो.

आता १९०१ साल. मार्कोनी २७ वर्षांचा. इंग्लंडच्या टोकाला पोल्ढू इथे त्याने वीस डोलकाठ्यांचं रिंगण उभारलं, ते सप्टेंबरच्या वादळात कोसळलं. पलीकडे अमेरिकेत केप कॉडला उभारलेलं नोव्हेंबरमध्ये कोसळलं. इतकं झाल्यावर आपण सत्यनारायण घातला असता. मार्कोनी न्यूफाउंडलंडला गेला आणि सेंट जॉन्स गावच्या सिग्नल हिल टेकडीवर पतंग उडवू लागला. संक्रांतीला महिना अवकाश असताना! एक फुगा वाऱ्याने पळवला. मग १२ तारखेला पतंगाच्या आधाराने सुमारे ५०० फूट तार वर चढवली, जुन्या इस्पितळाच्या खोलीत टेलिफोन कानाला लावला आणि तो बसून राहिला. खिडकीबाहेर वादळ, तीन-साडेतीन हजार किलोमीटरवर पोल्ढू. तिथून रोज ठरलेल्या वेळी मोर्सच्या लिपीतलं एकच अक्षर पाठवायचं ठरलं होतं : एस. तीन ठिपके. कट्ट, कट्ट, कट्ट. ठिपकेच का? तर रेघ काढायला किल्ली जास्त वेळ दाबावी लागते आणि पोल्ढूच्या यंत्राला ते झेपत नसे.

कागदाच्या पट्टीवर काहीच उमटेना. म्हणून त्याने पाऱ्याचा नवा कोहिअरर लावला. तो त्याला इटलीच्या नौदलातल्या सोलारी नावाच्या अधिकाऱ्याने दिला होता. साडेबाराला त्याला तीन ठिपके ऐकू आले. त्याने टेलिफोन मदतनीस केम्पच्या हातात दिला. केम्पलाही आले. मार्कोनीने खिशातल्या वहीत वेळा टिपल्या : साडेबारा, एक दहा, दोन वीस. झालं! एवढाच पुरावा. दोन माणसं, दोघंही एकाच आस्थापनेतली. सही नाही, शिक्का नाही, पट्टी नाही. आमच्या शाखेत अशी नोंद कुणी पुढ्यात ठेवली असती, तर मॅनेजरसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला असता, आणि ते लक्षण चांगलं नसतं.

आमच्या ज्येष्ठांच्या काळी बँका तारेने पैसे पाठवत. त्याला 'टीटी' म्हणत. तारेत एक सांकेतिक आकडा असे आणि तो जुळवण्याचं पुस्तक कुलपात. आकडा जुळला तरच पैसे. आज मोबाइलवर ओटीपी येतो तो याच घराण्यातला. संकेताचा सगळा अर्थ इथे आहे. तो असा हवा की चुकून जुळता कामा नये. आणि मार्कोनीने निवडला काय, तर तीन ठिपके! आकाशातली वीजही कट्ट कट्ट असाच आवाज करते. तिनेही कधी तीनदा केला असेल. ओटीपी म्हणून '०००' ठेवण्यातलाच हा प्रकार.

शिवाय ऐकणाऱ्याला काय ऐकायचं ते आधीच ठाऊक होतं. आमची मुलगी संध्याकाळी क्लासहून यायला उशीर झाला, की हिला दर दोन मिनिटांनी फाटकाची कडी वाजल्यासारखी वाटते. "आली बघा!" मी उठून पाहतो. कधी वारा असतो, कधी मांजर. मी म्हणतो, "अगं, भास झाला तुला." ती म्हणते, "तुम्हाला पेपरातून ऐकू येतंच कुठे काही?" आणि एकदा ती "आली" म्हणते तेव्हा मुलगी खरंच आलेली असते. मी पेपर वाचत असतो, मला ती कडी ऐकू आलेली नसते. आता मला सांगा, हिचा कान भरवशाचा की माझा? जो वाट पाहत नाही त्याला भास होत नाहीत हे खरं, पण त्याला आलेलंही कळत नाही. मार्कोनीबाबत माझी अडचण नेमकी हीच आहे.

स्वतः मार्कोनीला ही अडचण कळली होती. खोटा माणूस असता तर मिळालेल्या हारांवर थांबला असता. हा फेब्रुवारी १९०२ मध्ये 'फिलाडेल्फिया' बोटीवर चढला. बोट इंग्लंडपासून दूर जाताना पोल्ढूचे संदेश पट्टीवर उमटवून घेतले आणि पट्टीवर बोटीच्या कप्तानाची सही घेतली! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. याला म्हणतात व्हाउचर! पूर्ण संदेश १,५५१ मैलांपर्यंत मिळाले, 'एस'चे ठिपके २,०९९ मैलांपर्यंत. पण रात्री. दिवसा सगळी मजल ७०० मैलांवर संपली.

इथेच मूळ नोंद अडचणीत आली. कारण सिग्नल हिलवर ऐकलं ते भर दुपारी. दिवसा ऊन वातावरणाच्या वरच्या थरांत लहरी शोषून घेतं, हे पुढे कळलं. त्यामुळे त्या दुपारी ते ठिपके खरंच पोचले का, याबद्दल जाणकार आजही वाद घालतात.

बरं, कानाने ऐकलेला संकेत कुणाचा, हा प्रश्न थट्टेचा नव्हता हे १९०३ च्या जूनमध्ये दिसलं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक फ्लेमिंग मार्कोनीच्या यंत्राचं प्रात्यक्षिक देत होते. पोल्ढूहून मार्कोनीचा संदेश यायचा, त्याआधीच यंत्र कडकट्ट करू लागलं. मदतनिसाने शब्द जुळवला तर निघाला 'उंदीर'! पुन्हा उंदीर, पुन्हा उंदीर, आणि मागोमाग मार्कोनीची टिंगल करणारं कवन. नेव्हिल मॅस्केलीन नावाच्या जादूगाराने जवळच यंत्र लावून हा उद्योग केला होता. इतरांचे संदेश आमच्या यंत्रात शिरत नाहीत, हा दावा त्याला खोडायचा होता. फ्लेमिंगसाहेबांनी 'टाइम्स'ला संतप्त पत्र लिहिलं. अनोळखी नंबरवरून येणारा "तुमचं खातं बंद होणार आहे" हा संदेश त्या उंदराचा पणतू.

पुढे यंत्रं सुधारली आणि १९२७ मध्ये इंग्लंड-हिंदुस्थान बिनतारी सेवा सुरू झाली. संदेश पाठवायचं केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ऐकायचं कुठे? दौंडला! ज्या दौंडच्या फलाटावर शेजारचा माणूस काय म्हणतो ते मला कधी ऐकू आलेलं नाही, तिथे विलायत ऐकू येत होती.

आता ताळेबंद. १२ डिसेंबर १९०१ ची नोंद मी खोडणार नाही आणि पासही करणार नाही. अशा रकमांसाठी बँकेत 'सस्पेन्स' नावाचं खातं असतं, तिथे ती राहू दे. फेब्रुवारी १९०२ ची नोंद मात्र कप्तानाच्या सहीनिशी जमा.

राहिला तो पाऱ्याचा कान. तो कुणाच्या नावे? मार्कोनीने सोलारीकडे बोट दाखवलं. सोलारी म्हणाला, कल्पना एका इंग्रजी प्रकाशनात वाचली होती, कोणत्या ते आता सापडत नाही. १९९८ मध्ये प्रबीर बंद्योपाध्याय या अभियंत्याने अमेरिकेतल्या आय-ट्रिपल-ई या संस्थेच्या नियतकालिकात कागदपत्रं मांडून दाखवलं, की ते मूळ म्हणजे बोसांचा १८९९ चा निबंध. बोसांच्या पगाराची थकबाकी तीन वर्षांत मिळाली होती. ही मिळायला ९९ वर्षं लागली, आणि तीही बिनव्याजी.