न मोजलेले मृत्यु

जें मोजलें जात नाहीं, त्याची लाजहि वाटत नाहीं. पूर्व प्रशांत महासागरांत कुपे, म्हणजे टूना मासे, डॉल्फिनांच्या कळपाखालून पोहतात. १९६० च्या सुमारास अमेरिकन मच्छीमार हे कळपच जाळ्यांनीं घेरूं लागले. कुप्यांसवें असंख्य डॉल्फिन गुदमरून मेले. १९७२ च्या अमेरिकन कायद्यानंतर कांहीं जहाजांवर सरकारी निरीक्षक बसले. त्यांच्या नोंदींवरून सर्व जहाजांचा अंदाज निघूं लागला. परंतु पाहणारा समोर असतां हात सावध होतो. म्हणून हा अंदाज उणाच पडण्याचा संभव फार. १९८६ चा अंदाज एक लक्षाहून अधिक होता. १९९२ च्या ला होया करारान्वयें प्रत्येक मोठ्या जहाजावर निरीक्षक आला, मृत्यूंची मर्यादाहि ठरली. १९९३ सालीं आकडा ५,००० च्या आंत आला. अंदाजाची जागा गणतीनें घेतली, तेव्हांच जबाबदारी प्रत्येक जहाजाच्या दारीं आली.