चिमणीची सावली

२०२० च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचा नवा फ्लाइट सिम्युलेटर आला, तेव्हा जगभरच्या लोकांनी सगळ्यात आधी आपापलं घर शोधलं. मीही शोधलं. लॉकडाऊनमुळे ऑफिस घरी आलं होतं आणि घर सोलापुरात. दोन रात्री डाउनलोड चालला. मग सिद्धेश्वर तलाव दिसला, होटगी रोड दिसला आणि रोडलगतची आपली धावपट्टी.

खऱ्या जगात तेव्हा त्या धावपट्टीवरून एकही नियमित प्रवासी विमान उडत नव्हतं. किंगफिशरची छोटी विमानं काही काळ मुंबईला जायची, ती बंद पडूनही बरीच वर्षं झाली होती. म्हणून मी रात्री साडेअकराला स्वयंपाकघराशेजारच्या खोलीतून सोलापूरची विमानसेवा सुरू केली. रोज एक फेरी. प्रवासी शून्य.

उतरताना मात्र रोज फजिती. लहान विमान उतरवताना आधी धावपट्टीला समांतर, उलट्या दिशेनं जायचं असतं. धावपट्टी डाव्या हाताला असते. मग डावीकडे वळायचं, पुन्हा डावीकडे वळायचं, आणि तेव्हा कुठे ती समोर येते. म्हणजे उतरण्याचा निम्मा वेळ वैमानिक समोर बघतच नाही, खांद्यावरून बघतो. माझ्याकडे एकच मॉनिटर होता आणि त्याला खांदा नव्हता. दुसऱ्या वळणानंतर धावपट्टी कधी उजवीकडे निघून गेलेली असायची, कधी माझ्या पोटाखाली.

तीन मॉनिटर घ्यायचे, हे तेव्हाच ठरलं. पण नीट मांडायचे कसे ते शोधताना मी भलत्याच काळात जाऊन पोहोचलो. कारण पहिल्या यशस्वी सिम्युलेटरला एकही खिडकी नव्हती.

एडविन लिंक हा न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावचा मुलगा. वडिलांचा कारखाना पियानो आणि ऑर्गनचा. एडविनला विमान शिकायचं होतं, पण शिकवणीचा तास महाग. मग त्यानं कारखान्यातलेच पंप, झडपा आणि भाते घेतले, एक बुटकं लाकडी विमान केलं आणि ते भात्यांवर ठेवलं. दांडी ओढली की भात्यांतली हवा कमी-जास्त व्हायची आणि विमान कलायचं. आपल्या पेटीचा भाता असतो, तशीच जात. १९२९ पर्यंत यंत्र तयार झालं, पण सैन्यानं फारसं लक्ष दिलं नाही. सुरुवातीची गिऱ्हाइकं होती जत्रेतल्यासारखी करमणुकीची उद्यानं. पैसे टाका, विमानात बसा.

१९३४ मध्ये अमेरिकन सरकारनं टपाल वाहायचं काम खाजगी कंपन्यांकडून काढून सैन्याच्या वैमानिकांवर टाकलं. हिवाळा, धुकं, रात्र. ढगात शिरल्यावर फक्त यंत्रांकडे बघून उडायची त्यांना सवय नव्हती. काही आठवड्यांतच एकामागून एक वैमानिक मेले. मग सैन्याला लिंकच्या खेळण्याची आठवण झाली. पहिली मागणी सहा यंत्रांची होती. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत दहा हजारांच्या आसपास यंत्रं बनली आणि लाखो वैमानिक त्या निळ्या डब्यात बसून शिकले. डब्याचं झाकण बंद करायचे, आत अंधार, समोर फक्त काटे. बाहेरचं काही दिसू नये हाच तर धडा होता.

लिंकच्या कारखान्यात आपोआप वाजणारे पियानोही बनत. भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी फिरायची. जिथं भोक तिथं हवा आत, आणि ती पट्टी वाजायची. हे वाचताना मी थांबलो. भोकांमध्ये नक्षी साठवायची ही युक्ती त्याआधी शंभरेक वर्षं मागावर वापरात होती, फ्रान्समध्ये जॅकार्डच्या मागावर. आणि सोलापुरात जॅकार्ड कोणाला सांगावं लागत नाही. आमच्या मागच्या गल्लीतल्या कारखान्यात चादरीचे माग होते. त्यांच्या डोक्यावर भोकांच्या पुठ्ठ्यांच्या माळा लटकलेल्या असायच्या, आणि लहानपणी त्यातला एखादा फाटका पुठ्ठा मिळाला की आम्ही त्यातून सूर्य बघायचो. सोलापुरी चादरीवरचा मोर आणि लिंकचा पियानो सख्खे नसले तरी चुलतभाऊ निघाले. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही, याचा थोडा रागच आला.

बाहेरचं दृश्य दाखवायची खटपट पुढे सुरू झाली. भिंतीएवढ्या फळीवर शेतं, रस्ते, धावपट्टी यांचं छोटं गाव उभं करायचं आणि त्यावरून टीव्ही कॅमेरा फिरवायचा. वैमानिकानं दांडी हलवली की कॅमेरा हलणार. मग संगणकानं काढलेली चित्रं आली, आधी फक्त रात्रीची, कारण काळोखात दिव्यांचे ठिपके दाखवणं सोपं. विमान कंपन्यांच्या आजच्या सिम्युलेटरमध्ये मोठा वक्र आरसा असतो. त्यामुळे चित्र दोन हातांवर असूनही डोळ्याला ते क्षितिजाइतकं लांब वाटतं. हे घरी जमत नाही. घरचा डोंगर डोळ्यांपासून साठ सेंटिमीटरवरच राहतो.

घरच्या सिम्युलेटरचा मूळपुरुष ब्रूस आर्टविक. इलिनॉय विद्यापीठात शिकताना १९७५ मध्ये त्यानं संगणकावर उड्डाणाचं हलतं चित्र काढण्यावर प्रबंध लिहिला. १९८० च्या सुमारास त्याचा खेळ ॲपल-टूवर आला. जमीन म्हणजे काही रेघा. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो आयबीएमच्या संगणकावर आणला. खेळ सुरू केला की तुम्ही शिकागोच्या मिग्ज फील्ड या तळ्याकाठच्या चिमुकल्या विमानतळावर असायचात. वीसेक वर्षं जगभरच्या पोरांचं पहिलं उड्डाण तिथूनच झालं. मार्च २००३ च्या एका रात्री शिकागोच्या महापौरांनी त्या धावपट्टीवर बुलडोझर घातले आणि भलेमोठे फुलीसारखे खड्डे पाडले. विमानतळ संपला. जुन्या डिस्कमधला मात्र तसाच राहिला.

आता माझे तीन मॉनिटर. मधला नवा, बाजूचे दोन एका बंद पडलेल्या ऑफिसातले जुने. तिघांचे आकाशाचे निळे रंग तीन. २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांच्या किमती इतक्या चढल्या होत्या की मी सात महिने थांबलो. सुतारानं प्लायवूडचं टेबल आतून गोलसर कापून दिलं आणि विचारलं, "दुकान टाकताय काय साहेब?"

गणित सोपं आहे. चोवीस इंची मॉनिटर साधारण ५३ सेंटिमीटर रुंद. साठ सेंटिमीटरवरून तो ४८ अंश जागा व्यापतो. तीन जोडले की १४३ अंश. पण तिन्हींवर एकच सपाट चित्र ताणलं तर कडेची झाडं लांबोडकी होतात, जणू विमान रबराच्या गावातून चाललंय. त्यासाठी प्रत्येक मॉनिटरला त्याच्या कोनातला वेगळा कॅमेरा लागतो, म्हणजे तेच जग तीनदा काढायचं. माझ्या सिम्युलेटरमध्ये ही सोय २०२२ च्या अपडेटमध्ये आली, तीही प्रायोगिक. एका फ्रेमला ६२ लाख ठिपके. मे महिन्यात, बाहेर त्रेचाळीस अंश असताना, कार्डाचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजायचा. एकदा लाइट गेली, यूपीएसनं मान टाकली आणि माझं विमान कुमठ्यावर हवेतच नाहीसं झालं.

पण धावपट्टी आता डाव्या खांद्यावरून समोर सरकत यायची. आणि डावीकडे बघायला लागलो तेव्हाच ती सावली दिसली.

कुमठ्याला श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. उसाचं चिपाड जाळून वीज करायच्या त्याच्या प्रकल्पाची चिमणी सुमारे ९० मीटर उंच होती, धावपट्टीच्या वाटेत. विमान साधारण तीन अंशांच्या उतारानं खाली येतं. त्या हिशेबानं टेकण्याच्या जागेपासून पावणेदोन किलोमीटरवर ते स्वतःच ९० मीटरवर असतं. २०१७ मध्ये उडान योजनेत सोलापूरचं नाव आलं, पण विमान आलं नाही. चिमणीवरून नोटिसा, मोर्चे, कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या. शहरातल्यांना विमान हवं होतं, म्हणजे आयटी हवं होतं, म्हणजे पुण्याला गेलेली पोरं परत हवी होती. सभासद शेतकऱ्यांना गाळप हवं होतं.

सिम्युलेटरमध्ये चिमणी नव्हतीच. उपग्रहाच्या फोटोवर सॉफ्टवेअरनं अंदाजानं झाडं-घरं उभी केलेली, त्यात चिमणी सुटली. फोटोतली तिची लांब काळी सावली तेवढी जमिनीला चिकटलेली. मी रोज त्या सावलीवरून निर्धास्त उतरायचो.

माझ्या मामांचा ऊस त्याच कारखान्याला जायचा. ते म्हणायचे, "तुला घरात बसून इमान उडवायचंय, आन् त्यासाठी आमची चिमणी पाडायची व्हय?" मी हसायचो, पण मनातून मला ती पडायलाच हवी होती. पुण्याची बस रात्री मोहोळच्या पुढं थांबली की जास्तच.

१५ जून २०२३ ला मोठ्या बंदोबस्तात चिमणी पाडली. काही सेकंद लागले. तो व्हिडिओ मला त्या दिवशी अकरा ग्रुपवर आला. मामांनी फोन उचलला नाही. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान उडालं, ऑक्टोबरमध्ये मुंबईचं.

त्या दिवाळीत मामा घरी आले. फराळ झाल्यावर म्हणाले, "दाखव तुझं दुकान." मी त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं, विमान कुमठ्यावर नेलं आणि हवेत थांबवलं. डाव्या स्क्रीनवर कारखाना होता. चिमणी पडून दोन वर्षं झाली होती, सावली तिथंच होती.

मामांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीनला नाक लावलं.

"सकाळचा फोटू हाय. सावली पश्चिमेला पडलीय." मग बोटानं सावलीची लांबी मोजली. "आन् थंडीतला. उन्हाळ्यात येवढी लांब पडत न्हाई."

मी हो म्हणालो.

"थंडीतला हाय तर मंग धूर कुठाय?"

मला सांगता आलं नाही. ते बराच वेळ बघत राहिले.

"त्या दिशी बंद पडला आसंल," ते म्हणाले, आणि खाली शेताची वाट कुठं दिसते का ते शोधायला लागले.