चिंदोगू म्हणजे काय? रोजच्या अडचणींवरचे विचित्र जपानी उपाय

बाळ रांगायला लागले की दिवसभर घरभर फिरते. मग त्याच्या कपड्यांच्या बाह्यांना आणि गुडघ्यांना मॉपचे दोरे शिवले तर? बाळाचे रांगणे होईल आणि फरशीही पुसून निघेल. कल्पना ऐकताना हसू येते, पण ती चुकीची आहे असे लगेच सांगता येत नाही. फरशी खरोखर थोडीफार पुसली जाईल. तरीही बहुतेक आईवडील बाळाला असा कपडा घालणार नाहीत.

‘काम तर होते, पण वापरणार कोण?’ अशा वस्तूंना जपानमध्ये ‘चिंदोगू’ म्हणतात. गेल्या चार दशकांत अशा शेकडो वस्तू तयार झाल्या. त्यांची पुस्तके निघाली, प्रदर्शने भरली आणि त्यांच्यासाठी दहा नियमही ठरले. दिसायला हा सगळा पोरखेळ असला, तरी घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूला विचारावा असा एक प्रश्न त्यामागे आहे.

शब्दाचा अर्थ

जपानी भाषेत ‘चिन’ म्हणजे विचित्र, आगळेवेगळे आणि ‘दोगू’ म्हणजे साधन किंवा अवजार. त्यामुळे चिंदोगूचा सरळ अर्थ ‘विचित्र साधन’ असा होतो. इंग्रजीत या वस्तूंसाठी ‘अनयुसलेस’ असा नवाच शब्द घडवण्यात आला. मराठीत त्याला ‘अ-निरुपयोगी’ म्हणता येईल. म्हणजे वस्तू उपयोगी नाही, पण तिला पूर्ण निरुपयोगीही म्हणता येत नाही.

चिंदोगू एखादी खरी अडचण सोडवतो, पण ती सोडवताना दुसरी, बहुतेक वेळा पहिलीपेक्षा मोठी अडचण उभी करतो. ही दुसरी अडचण कधी गैरसोयीची असते, कधी वेळखाऊ असते आणि बऱ्याचदा ती चारचौघांत वाटणाऱ्या लाजेची असते.

सुरुवात कशी झाली?

चिंदोगूचे जनक केन्जी कावाकामी यांचा जन्म १९४६ चा. त्यांनी विमान अभियांत्रिकीचे शिक्षण घ्यायला सुरुवात केली होती, पण १९६० च्या दशकातील विद्यार्थी चळवळीत ते ओढले गेले आणि शिक्षण अर्धवट राहिले. पुढे ते लेखन-संपादनाकडे वळले. १९८० च्या दशकात ते ‘मेल ऑर्डर लाइफ’ या नियतकालिकाचे काम पाहत होते. घरबसल्या टपालाने वस्तू मागवणाऱ्या वाचकांसाठी ते निघत असे.

एका अंकात काही पाने मोकळी राहिली. ती भरण्यासाठी कावाकामी यांनी स्वतः तयार केलेल्या काही विचित्र वस्तूंची छायाचित्रे छापली. सगळा अंक विकत घेण्याच्या वस्तूंनी भरलेला आणि या पानांवरच्या वस्तू मात्र कुठेच विकत मिळत नव्हत्या. सुरुवातीच्या या वस्तूंमध्ये डोळ्यांत थेंब घालण्यासाठी नरसाळे बसवलेला चष्मा होता आणि सौरऊर्जेवर चालणारी विजेरी होती. ही विजेरी फक्त उन्हात लागत असे! वाचकांना पाने आवडली आणि अशा वस्तू पुढेही छापल्या जाऊ लागल्या.

त्या काळाचा संदर्भही महत्त्वाचा आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानची अर्थव्यवस्था तेजीत होती. लोकांच्या हातात पैसा होता आणि घराघरांत नवनवी उपकरणे येत होती. अशा वेळी खरेदीच्याच नियतकालिकात खरेदी करता न येणाऱ्या वस्तू छापणे, ही त्या खरेदीची थट्टाच होती.

जपानबाहेर या वस्तू पोहोचवण्यात इंग्रजी संपादक डॅन पापिया यांचा मोठा वाटा आहे. या दोघांच्या प्रयत्नातून ‘इंटरनॅशनल चिंदोगू सोसायटी’ उभी राहिली. १९९५ मध्ये १०१ वस्तूंचे इंग्रजी पुस्तक आले आणि १९९७ मध्ये आणखी ९९ वस्तूंचे दुसरे.

काही प्रसिद्ध चिंदोगू

* गाडीत झोपणाऱ्यांचे हेल्मेट : गाडीत बसल्याबसल्या डुलकी लागली की मान शेजाऱ्याच्या खांद्यावर पडते. त्यावर उपाय म्हणजे मागे रबरी सक्शन कप असलेले हेल्मेट. तो कप खिडकीच्या काचेला चिकटवला की डोके जागेवर राहते. कुठल्या स्टेशनवर उठवायचे त्याची चिठ्ठी हेल्मेटच्या पुढच्या बाजूला लावायची. मुंबईच्या लोकलने रोज जाणाऱ्याला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

* सर्दीची टोपी : परागकणांमुळे होणाऱ्या सर्दीत सतत नाक पुसावे लागते. म्हणून डोक्यावर टॉयलेट पेपरचा अख्खा रोल बसवलेला. हात वर केला की कागद तयार.

* पंख्याच्या चॉपस्टिक्स : नूडल्स गरम असतात, फुंकर मारत बसावे लागते. म्हणून चॉपस्टिकलाच छोटा पंखा लावलेला.

* बुटांच्या छत्र्या : मोठी छत्री डोके वाचवते, पाय भिजतातच. म्हणून प्रत्येक बुटाच्या टोकावर एक इवलीशी छत्री.

* लोण्याची कांडी : डिंकाच्या कांडीसारखी नळी, आत लोणी. फिरवून वर काढायचे आणि पावावर घासायचे. सुरी धुवावी लागत नाही.

* गुंडाळी झेब्रा क्रॉसिंग : रस्ता ओलांडायला पट्टे नसतील, तर काखेतली गुंडाळी रस्त्यावर अंथरायची आणि चालू लागायचे.

* मांजरीचे पुसणे : मांजर नाहीतरी घरभर फिरते, म्हणून तिच्या पायांत फरशी पुसणाऱ्या सपाता.

या सगळ्या वस्तूंत अडचण खरी आणि ओळखीची आहे. उपायही तर्काला धरून आहे. फक्त तो तर्क इतका सरळ रेषेत पुढे नेलेला आहे, की शेवटी माणूस डोक्यावर कागदाचा रोल घेऊन उभा राहतो.

चिंदोगूचे दहा नियम

कोणतीही विचित्र वस्तू चिंदोगू ठरत नाही. त्यासाठी दहा नियम आहेत. त्यांचा आशय असा :

१. वस्तू प्रत्यक्ष रोजच्या वापराची नसावी. ती नेहमी वापरात आली, तर तो चिंदोगू नव्हे.
२. ती खरोखर तयार केलेली असावी. नुसते चित्र किंवा कल्पना चालत नाही.
३. तिच्यात बंडखोरपणा असावा. ‘वस्तू उपयोगीच हवी’ या बंधनातून ती मोकळी असावी.
४. ती रोजच्या जगण्यातली असावी आणि कोणालाही, कुठेही समजावी.
५. ती विक्रीसाठी नसावी.
६. ती केवळ हसवण्यासाठी बनवलेली नसावी. अडचण सोडवण्याचा प्रयत्न प्रामाणिक असावा, हसू आपोआप यावे.
७. ती कसल्याही प्रचाराचे साधन नसावी.
८. अश्लीलता, क्रूरता किंवा हिणकस विनोद यांना तिच्यात जागा नसावी.
९. तिचे पेटंट घेता येणार नाही. कल्पना सर्वांची आहे.
१०. ती भेदभाव करणारी नसावी. गरीब-श्रीमंत, लहान-थोर सर्वांना तिचा आनंद घेता यावा.

यातला दुसरा नियम वाटतो त्यापेक्षा कडक आहे. बुटांवर छत्री लावण्याची कल्पना कोणीही करू शकतो. पण ती छत्री बनवायची, बुटावर बसवायची आणि पाऊल टाकल्यावर ती टिकेल असे पाहायचे, हे कारागिराचे काम आहे. सहाव्या नियमामुळे चिंदोगू नुसत्या थट्टेपासून वेगळा होतो. बनवणाऱ्याने अडचणीकडे गंभीरपणे पाहिले नसेल, तर वस्तू फसते.

विकायचे का नाही?

नियमांत सर्वांत महत्त्वाचा आहे तो विक्रीला आणि पेटंटला मनाई करणारा भाग. नेहमीचे उपकरण बाजारात येते तेव्हा त्याच्या जाहिरातीत अडचण मोठी आणि उपाय सोपा करून दाखवला जातो. लसूण सोलणे, अंडे कापणे, केळ्याच्या चकत्या करणे यांसारख्या छोट्या कामांसाठीही वेगळे यंत्र मिळते. ते ठेवायला जागा लागते, ते धुवावे लागते, बिघडले की टाकावे लागते. हा भाग जाहिरातीत नसतो.

चिंदोगू नेमका हाच भाग डोळ्यांसमोर आणतो. डोक्यावरचा रोल पाहताच सर्दीच्या त्रासापेक्षा उपायाचा त्रास जास्त आहे, हे कोणी न सांगता कळते. ती टोपी विकायची म्हटली, तर हाच त्रास लपवावा लागेल. विक्रीला बंदी आहे म्हणून चिंदोगू स्वतःची गैरसोय लपवत नाही.

सेल्फी स्टिक : हद्द ओलांडलेली वस्तू

१९९५ च्या पुस्तकात एक लांब काठी होती. तिच्या टोकाला कॅमेरा लावून स्वतःचा फोटो काढायचा. त्या वेळी ती इतर विचित्र वस्तूंच्या रांगेत शोभत होती. वीस वर्षांनी तीच काठी जगभरच्या पर्यटनस्थळी दिसू लागली आणि २०१४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्या वर्षीच्या उल्लेखनीय शोधांच्या यादीत सेल्फी स्टिकचा समावेश केला.

ही काठी कावाकामी यांनीच शोधली असे अनेकदा सांगितले जाते, ते बरोबर नाही. मिनोल्टा या जपानी कॅमेरा कंपनीतील हिरोशी उएदा आणि युजिरो मिमा यांनी अशा काठीसाठी १९८३ मध्येच जपानमध्ये पेटंटचा अर्ज केला होता. १९८५ मध्ये तिला अमेरिकेतही पेटंट मिळाले. पण ती तेव्हा चालली नाही. फिल्मच्या कॅमेऱ्यात फोटो कसा आला हे रोल धुऊन आल्यावरच कळे आणि प्रत्येक फोटोला पैसे लागत. चारचौघांत स्वतःचेच फोटो काढत बसणेही विचित्र वाटे.

काठी पुढेही काठीच राहिली, बदलले ते तिच्याभोवतीचे जग. मोबाइलला पुढचा कॅमेरा आला, फोटो फुकट झाला, स्वतःचा फोटो काढण्याची लाज गेली. उपायाची किंमत उतरली आणि विचित्र वस्तू उपयोगी ठरली. मात्र जुनी खोड पूर्ण गेली नाही. काठ्या इतरांना लागू लागल्या, म्हणून २०१५ च्या सुमारास फ्रान्समधील व्हर्सायचा राजवाडा, अमेरिकेतील स्मिथसोनियन संग्रहालये आणि डिस्नेची मनोरंजन उद्याने यांनी तिच्यावर बंदी घातली. अडचण सुटली आणि नवी तयार झाली!

बाळाचा मॉपही पुढे खरोखर विक्रीला आला, आणि नियमांप्रमाणे त्याच क्षणी तो चिंदोगू उरला नाही.

जुगाड आणि चिंदोगू यांत फरक काय?

आपल्याकडे असे काही पाहिले की ‘जुगाड’ हा शब्द आठवतो. पण दोन्हींची दिशा उलट आहे. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येते म्हणून पोहण्याचा चष्मा लावला, तर तो जुगाड. तो थोडा विनोदी दिसतो, पण काम भागते आणि नवा खर्च नाही. त्याच कामासाठी कपाळावर पंखा बसवलेले हेल्मेट बनवले, तर तो चिंदोगू होईल. डोळ्यांची आग थांबेल, पण कांद्याची साले स्वयंपाकघरभर उडतील. जुगाड कमतरतेतून जन्मतो, तर चिंदोगू भरपूर वस्तू असलेल्या घरातून.

चिंदोगूचे काही नातेवाईक इतर देशांतही आहेत. फ्रेंच कलावंत जाक कारेलमान यांनी १९६९ मध्ये ‘न सापडणाऱ्या वस्तूं’चा कॅटलॉग काढला. तोही एका टपाल-विक्रीच्या कॅटलॉगचे विडंबन होता. हातात धरायची दांडी आणि ओतायची चोच एकाच बाजूला असलेली त्यांची किटली प्रसिद्ध आहे. अथेन्सच्या वास्तुरचनाकार कातेरिना काम्प्रानी २०११ पासून मुद्दाम गैरसोयीच्या वस्तूंची मालिका करत आहेत. मात्र या दोघांच्या वस्तू काम बिघडवतात, तर चिंदोगू ते करून दाखवतो.

आज त्याचा उपयोग काय?

डिझाइन शिकवताना चिंदोगू बनवायला सांगणे हा एक चांगला सराव मानला जातो. ‘उपयोगी काहीतरी बनवा’ म्हटले की विद्यार्थी बिचकतात, पण वस्तू फसली तरी चालेल असे म्हटल्यावर कल्पना सुचू लागतात. त्यासाठी खर्च नसतो. घरातली एक छोटी, खरी अडचण शोधायची, पुठ्ठा, दोरा आणि जुन्या वस्तू वापरून तिच्यावर उपाय बनवायचा आणि तो एकदा तरी वापरून पाहायचा.

वस्तू न बनवणाऱ्यांनाही यातून एक कसोटी मिळते. नवे उपकरण घेण्याआधी ते एखाद्या चिंदोगूच्या पुस्तकात छापले आहे अशी कल्पना करावी. अडचण किती वेळा येते, उपाय किती जागा आणि किती वेळ खातो, हे मग लगेच दिसते. काही वस्तू या कसोटीला उतरतात. काहींच्या बाबतीत मात्र हसू येते आणि तेवढ्यानेच पैसे वाचतात.