करमरकरांचं सिमेंट
पुलगावात वाढताना सिमेंट म्हणजे घराचा स्लॅब, एवढंच मला माहीत. मग शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) वाचायला घेतले.

अलिबागजवळच्या सासवण्यातल्या या मुलाचं चित्र पाहून कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूलची वाट दाखवली. पुढे कलकत्ता, मग लंडन. १९२८ साली पुण्यात त्यांचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. पण सासवण्याच्या घरी त्यांनी गावची माणसं सिमेंटमध्ये घडवली.

ब्राँझ असो की काच, ओतायला भट्टी लागते. सिमेंट मात्र पाण्याशी अभिक्रिया होऊन घट्ट होतं. म्हणजे मोठ्या कामाची वाट न बघता अंगणातही शिल्प घडू शकतं.

संशोधनाला बसताना 'कोणी' आणि 'केव्हा' यांच्या जोडीला 'कशात' हेही विचारा. साहित्य हासुद्धा पुरावाच असतो.