वाटेत टिकावी, मुक्कामी उघडावी

औषध कडू असले तरी माणूस ते घेतो. पण रोगाबरोबर ते रोग्याच्याही जिवावर उठले तर करायचे काय? अॅम्फोटेरिसिन-बी या बुरशीनाशकाने १९५० च्या दशकाअखेरीपासून डॉक्टरांना याच पेचात टाकले. जीवघेण्या बुरशीवर ते रामबाण, पण मूत्रपिंडाला घातक.

त्यावरचा उतारा निराळ्याच कुतूहलातून निघाला. १९६० च्या दशकाच्या आरंभी केंब्रिजजवळच्या बाब्राहम येथे अॅलेक बँगहॅम यांना असे आढळले की, पेशींच्या पडद्यातले फॉस्फोलिपिड हे स्निग्ध द्रव्य पाण्यात मिसळले की त्याच्या आपोआप बंद, अतिसूक्ष्म पिशव्या बनतात. त्यांना पुढे 'लायपोसोम' हे नाव मिळाले. अशा पिशवीतून औषध नेले तर मूत्रपिंडाची झळ कमी होते. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाचे प्रा. बी. के. बछावत आणि मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या परिश्रमांतून हे औषध देशातच तयार झाले. मात्र शिरेतून देण्यापूर्वी त्याची बाटली ध्वनिकंपनाच्या यंत्रात ठेवून पिशव्या लहान करून घ्याव्या लागत. पिशवी बनवणे एक, ती जशीच्या तशी टिकवणे दुसरे!

तिसरे काम याहून अवघड: योग्य जागी ती उघडणे. १९७८ मध्ये अमेरिकेत मिल्टन याटविन आणि सहकाऱ्यांनी शरीराच्या तापमानाहून थोड्या अधिक उष्णतेला औषध सोडणारे लायपोसोम मांडले. गाठ बाहेरून शेकली की औषध तिथेच उतरावे, ही कल्पना. पण ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, हे आपण जाणतो. बेचाळीस अंशांना सैल होणारी पिशवी त्या उन्हात शीतपेटीशिवाय नेली, तर रोग्यापर्यंत पोचण्याआधीच तिचे काम संपेल.

मग भिंतच भक्कम केली तर? १९९९ मध्ये डेनिस डिशर आणि सहकाऱ्यांनी पॉलिमरच्या पिशव्या प्रसिद्ध केल्या. लांब साखळ्यांच्या रेणूंनी विणलेली त्यांची भिंत फॉस्फोलिपिडच्या भिंतीपेक्षा जाड आणि कितीतरी चिवट होती. पण चिवटपणाचीही अडचण झाली, कारण न फुटणारी पिशवी औषधही सहजी सोडत नाही. म्हणून रसायनज्ञांनी त्या साखळ्यांत आम्लता, उष्णता किंवा ऑक्सिडीकरण ओळखणारे दुवे गुंफले. तो संकेत मिळताच भिंत विरते. दुवा नाजूक केला तर पिशवी वाटेतच गळते, घट्ट केला तर मुक्कामीही उघडत नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीच्या साथीत याच लायपोसोमच्या कुप्यांसाठी नातेवाईक दुकानोदुकानी हिंडले. तेव्हा उपयोगी पडली ती साठ वर्षांपूर्वीच्या कुतूहलातून आलेली साधी पिशवी. संकेत ओळखणारी पॉलिमरची पिशवी अद्याप मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे. तिच्या निर्मात्यांना रोग्याच्या शरीराइतकाच आपल्या उन्हाळ्याचाही विचार करावा लागेल.